अर्धंच जळायला हवं

१२ जानेवारी

प्रिय आत्या,

आधी बातमी, ख्यालीखुशाली मागाहून. जमलं!

गेल्या वर्षी भडका उडून तुमच्या भट्टीची सुरक्षा-चकती फुटली आणि फोरमनकाकांचे दोन्ही हात भाजले, तेव्हा तू मला चिडून लिहिलं होतंस, 'तुम्ही लोक प्रयोगशाळेत बसून एवढं शिकता, तर न भडकणारा कॅटॅलिस्ट करून दाखवा की!' तर दाखवते. निदान माझ्या बोटभर नळीत तरी तो भडकत नाही.

मी इथे नेमकं काय करते हे घरी अजून कुणाला कळलेलं नाही. बाबा शेजाऱ्यांना सांगतात, 'आमची मुलगी पावडरी भाजते.' त्यात खोटं काही नाही म्हणा. परवा घरी गेले होते तेव्हा त्यांना नीट समजावलं. झायलीन नावाच्या तेलाची वाफ हवेबरोबर गरम नळ्यांतून सोडायची. नळ्यांत छोटी दगडी कडी भरलेली, कड्यांवर व्हॅनेडियम ऑक्साइड आणि टायटॅनियम ऑक्साइड यांचा लेप. हा लेप म्हणजेच कॅटॅलिस्ट. लेपातला ऑक्सिजन घेऊन वाफ अर्धवट जळते आणि रंगाला, प्लॅस्टिकला लागणारा पांढरा माल तयार होतो. पण ती तिथे थांबली नाही, पुरती जळाली, की मालाच्या जागी नुसता धूर. वर उष्णता इतकी की नळी लाल व्हावी.

बाबा म्हणाले, "म्हणजे अर्धंच जळायला हवं?"

म्हटलं, "हो. माझी सगळी पीएच.डी. त्या 'च'मध्ये आहे."

मी लेपात किंचित अँटिमनी घातली. माल भरपूर, धूर कमी, नळीचं तोंड थंड. थंड म्हणजे भट्टीवाल्यांच्या भाषेत थंड. हात लावायला जाऊ नकोस. माझ्या मार्गदर्शक सरांनी लगेच पेपर पाठवला, तो छापूनही आला. तुझ्या मालकांशी कराराची बोलणी चालली होती, ती पक्की झाली. कृती पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे पोचेल.

तुझी,
ठमी

२५ जानेवारी

ठमाबाई,

पत्र मिळालं, कृतीही मिळाली. तुझं पत्र मी फोरमनना वाचून दाखवलं. त्यांच्या हातांची कातडी अजून ताणल्यासारखी आहे, मूठ पुरती वळत नाही. भट्टीच्या मचाणावर ते आता चढत नाहीत. खालीच पंपांचं बघतात. ऐकून म्हणाले, "बाई, पोरीला सांगा, बोटभर नळी आणि आपली भट्टी यांत फरक आहे." मी म्हटलं, सांगते. तर सांगितलं.

फरक आहेच. तुझी नळी एक, माझ्या नळ्या हजारो. वितळलेल्या मिठाच्या कुंडात उभ्या. एक भडकली की शेजारणीला पेटवते. गेली कित्येक वर्षं मी या भट्टीची विभागप्रमुख आहे, आणि रोज सकाळी आत शिरताना आधी तिचा आवाज ऐकते, मग माणसांना नमस्कार करते. माणसं समजून घेतात.

मालक खूश आहेत. विकतचा कॅटॅलिस्ट महाग पडतो, तेव्हा तुझ्या कृतीने आपल्याच शेडमध्ये लेप चढवायचा असं ठरलंय. मी होकार दिला. तुझ्यासाठी नाही हं, अँटिमनीसाठी. पण एक सांग, ती नेमकं करते काय? 'पृष्ठभागावर अनुकूल परिणाम होतो' असं तुमच्या अहवालात लिहिलंय. हे म्हणजे डॉक्टरांनी 'औषधाने बरं वाटतं' असं सांगण्यासारखं झालं. मला कारण कळलं की बिघडल्यावर काय करायचं तेही कळतं. न बिघडणारी वस्तू मी अजून पाहिलेली नाही.

जेवत जा. मागच्या वेळी आलीस तेव्हा तुझ्यापेक्षा तुझी बॅग भरलेली वाटत होती.

आत्या

२ मार्च

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. आमची प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलली. जुन्या इमारतीचं छत गळायचं, इथे खिडक्या उघडत नाहीत. खोक्यांवर बसून जेवतोय. सामान लावण्यातच दिवस जातात.

अँटिमनी काय करते ते नक्की समजलं की लिहीन. अजून काही प्रयोग करायचेत. तुमचं काम कुठवर आलं? घाई करत नाही आहात ना?

तब्येत बरी आहे.

ठमी

१४ मार्च

ठमे,

हे काय पत्र आहे? तार करणारासुद्धा याहून जास्त लिहितो. तुझी पत्रं म्हणजे दोन्ही बाजूंनी भरलेली, मग कोपऱ्यात उभी, मग उलटी. आणि हे एवढंसं. 'तब्येत बरी आहे' असं तू आजवर कधीही लिहिलेलं नाहीस. आजारी असलीस तरी नाही.

मी विचार केला. एक तर कुणीतरी भेटलंय, किंवा दादाने लग्नाचा तगादा लावलाय. दुसरं असेल म्हणून मी दादाला खरमरीत पत्र धाडलं. त्याचं उत्तर आलं, 'अगं, मी काहीही केलेलं नाही, पण तू म्हणतेस तर माफी मागतो.' म्हणजे पहिलंच खरं. असो. नाव-गाव नको सांगूस, पण माणूस ऐकून घेणारा आहे का तेवढं कळव. बोलणारे पुष्कळ मिळतात.

आता कामाचं. लेप चढवून झाला. शेडमध्ये आम्ही मोठा फिरता पिंप बसवला, त्यात कडी खुळखुळत असतात आणि वरून पावडरीचा घोळ फवारायचा. सगळे पांढरेफटक होऊन बाहेर पडायचे. मालक काटकसर करायला निघाले होते, पण टायटॅनियमच्या पावडरीच्या बाबतीत मी अडून बसले. म्हटलं, पोरीची इतक्या वर्षांची मेहनत आहे, तिच्यात भेसळीचा माल घालायचा नाही. बाजारात मिळते त्यातली एक नंबरची, अतिशुद्ध पावडर मागवली. पिशवीवर शुद्धतेचा दाखला चिकटवलेला होता.

नळ्या भरून होत आल्या. आठवड्याभरात गरम हवा सोडून भट्टी तापवायला घेऊ, ती तापली की झायलीन. मालकांनी गिऱ्हाइकांना बोलावून ठेवलंय. फोरमन पंपांपाशी असतील, मी मचाणावर.

काळजी करू नकोस, सगळं तुझ्या कृतीबरहुकूम आहे.

आत्या

तार, १९ मार्च

झायलीन सोडू नकोस. कॅटॅलिस्ट भडकेल. पत्र पाठोपाठ. ठमी

१९ मार्च

आत्या,

तार मिळाली असेल अशी आशा करते. सकाळी आधी तुमच्या साहेबांचा फोन लावत होते, लागलाच नाही. तार करूनच हे लिहायला बसले.

कुणी भेटलेलं नाही. माझा कॅटॅलिस्ट बिघडलाय.

नव्या इमारतीत आल्यावर मी पहिला घाणा केला, तो भडकला. तेच व्हॅनेडियम, तीच अँटिमनी, तीच भट्टी, तेच माझे हात. वाटलं, माझी चूक झाली. पुन्हा केला, पुन्हा भडकला. नळीचं तोंड इतकं तापलं की तापमापकाची तार वितळली. माल जवळजवळ नाहीच, सगळा धूर. फेब्रुवारीपासून हेच चाललंय. सरांना दाखवलं. ते म्हणाले, "आधी खात्री करून घेऊ. अर्धवट माहितीवर बाहेर काही बोलायचं नाही. पेपर छापलाय, करार झालाय." मी विचारलं, "आणि तिकडे त्यांनी नळ्या भरल्या तर?" म्हणाले, "मोठ्या भट्टीची कामं इतक्या लवकर होत नसतात." मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं.

आणि काल तुझं पत्र आलं. अतिशुद्ध पावडर.

आत्या, जुन्या इमारतीत आम्ही जुन्या डब्यातली पावडर वापरायचो. मळकट पिवळसर, कुठल्यातरी बंद पडलेल्या कंपनीची. इथे नवी आली, पांढरीशुभ्र, दाखला चिकटवलेली. तुझ्यासारखीच. बाकी काहीही बदललेलं नाही, बदलली ती पावडर. का ते मला माहीत नाही. एवढंच माहीत आहे की तुझ्या नळ्यांत माझा चांगला कॅटॅलिस्ट नाही, वाईट आहे.

सरांना न विचारता हे लिहितेय. हे पत्र टाकलं की त्यांच्या खोलीत जाऊन तसं सांगणार आहे. मालक तुझं ऐकतील का? नाही ऐकलं तर त्यांना हे पत्र दाखव. माझं काय व्हायचं ते होईल.

ठमी

३० मार्च

ठमे,

भट्टी थांबवली. आधी एवढं वाच आणि श्वास घे.

तार आली तेव्हा मी मचाणावर होते. गरम हवा सुरू झालेली, दुसऱ्या दिवशी सकाळी झायलीन सोडायचं. फाटकावरचा माणूस तार घेऊन वर आला. मी वाचली, खाली उतरले आणि मालकांच्या खोलीत गेले.

ते म्हणाले, "कुणाची तार?"

"भाचीची."

"भाचीच्या तारेवर कारखाना बंद ठेवायचा?"

"कारखाना नाही साहेब. एक व्हॉल्व्ह."

"कारण काय?"

"तारेत लिहिलेलं नाही."

ते हसले. म्हणाले, "बाई, कारण कळल्याशिवाय तुम्ही साधा दिवासुद्धा बदलू देत नाही. आणि तिचे सर? त्यांच्याकडून काही आलेलं नाही. आणि ही तार चुकीची असली तर?"

म्हटलं, "तर गिऱ्हाइकांपुढे तुमची मान खाली जाईल. मी स्वतः जाऊन त्यांची माफी मागेन. आणि बरोबर असली तर?"

खिडकीतून पंपांची शेड दिसते. मी मुद्दाम तिकडे बघितलं नाही. नको वाटलं, कुणाच्या भाजलेल्या हातांचं भांडवल करणं. पण त्यांनी बघितलं. मग हळूच म्हणाले, "सिद्ध करा. तोवर थांबू."

मी झायलीनच्या व्हॉल्व्हच्या चाकाला साखळी घालून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. ऑपरेटर बघत राहिले. त्यांच्यातला एक म्हणाला, "बाई, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं म्हणतात, तुम्हाला बिनमिशांच्याच काका म्हणायला हवं."

आपल्या तपासणी विभागामागे एकनळी भट्टी आहे, धूळ खात पडलेली. खरं तर कॅटॅलिस्ट आधी तिच्यात घालून बघायला हवा होता. मी तसं म्हटलंही होतं, पण मालक म्हणाले अहवाल आहे ना, आणि मी तो विषय सोडला. पुन्हा सोडणार नाही. तोवर तुझं पत्र आलं. एकनळी दुरुस्त केली, त्याच लेपाची कडी भरली, थोडंसं झायलीन सोडलं. काटा चढला तो थांबेना. वाफ तोडली तोवर नळी गाजरासारखी लाल झाली होती. मालक शेजारी उभे होते. ते आत निघून गेले, आणि संध्याकाळी गिऱ्हाइकांना त्यांनी स्वतः फोन केले.

आता तुझ्याबद्दल. मी फार रागावले आहे. तू गप्प राहिलीस त्याला 'सर म्हणाले म्हणून' हे कारण मला चालत नाही. तुझे सर माझ्या मचाणावर उभे राहत नाहीत. तुला एक वाक्य लिहिता आलं असतं, 'आत्या, थांब, मला शंका आहे.' शंकेलाही टपालाचं तिकीट तेवढंच लागतं.

हे लिहून झालं, राग संपला. आता ऐक. कडी नळ्यांतून उपसायला घेतली आहेत. मालक विकतच्या कॅटॅलिस्टकडे वळायला निघाले होते. मी म्हटलं, त्यानेच गेल्या वर्षी चकती फोडली. जूनअखेरपर्यंत मुदत मागून घेतली आहे. तू कारण शोध. 'अनुकूल परिणाम' नको, कारण. पावडर का बिघडवते ते मला साध्या भाषेत सांगता आलं की तुला कळलं असं समज.

आणि सर काय म्हणाले?

आत्या

११ मे

प्रिय आत्या,

सापडलं.

क्रमाने सांगते. सर त्या दिवशी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. चष्मा काढून पुसत बसले आणि म्हणाले, "तू मला विचारायला हवं होतंस." मग मला दुसरा विषय घ्यायला सांगितला. मी म्हटलं, "घेते सर, पण हा संपवून." तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे 'चावी कुठे आहे' आणि 'दार लावून घे' एवढंच.

जुन्या पावडरीचा डबा भांडारात टाकाऊ सामानात पडला होता, तळाशी थोडी पावडर शिल्लक. ती घेतली. एकाच दिवशी, एकाच भांड्यात, एकामागून एक दोन कॅटॅलिस्ट केले. एक जुन्या पावडरीचा, एक नव्या. जुना शांत, नवा भडकला. म्हणजे माझे हात निर्दोष सुटले. मग एक गोष्ट केली जी मी आधीच करायला हवी होती. जुन्या पावडरीत अँटिमनी घातलीच नाही. आत्या, तरीही तो शांत! फक्त लवकर दमला, काही दिवसांत माल घटला. म्हणजे अँटिमनी दमसास टिकवते, पण भडका तिने आवरलेलाच नाही. काम एकीचं, हार दुसरीच्या गळ्यात. आणि तो हार आम्ही छापून मोकळे झालो होतो.

त्या दुपारी मी नुसती बसून होते. मग उठले. जुन्या पावडरीत असं काही आहे जे नव्या पावडरीतून धुऊन काढलेलं आहे, एवढं तरी उघड होतं. दोन्ही पावडरी आम्लात उकळल्या, गाळल्या, तारेचं टोक त्यात बुडवून ज्योतीत धरलं. दोन्हींची ज्योत पिवळी. सोडियम जिथे-तिथे असतं, ते बाकी सगळ्यांना झाकून टाकतं. म्हणून निळी काच डोळ्यांसमोर धरली. तिच्यातून पिवळं दिसत नाही. नवी पावडर: काही नाही. जुनी पावडर: जांभळट गुलाबी, स्वच्छ. पोटॅशियम! पावडर बनवताना तिच्यात राहून गेलेलं, कुणी न घातलेलं. आम्ही त्याला मळ समजत होतो.

तुला साध्या भाषेत हवं होतं, तर घे. कॅटॅलिस्टच्या पृष्ठभागावर आम्लाच्या जागा असतात, म्हणजे ऐसपैस खुर्च्या समज. वाफ येते, बसते, अर्धवट जळून तिचा पांढरा माल होतो. खरं तर आता त्याने उठून जायला हवं. पण खुर्ची इतकी मऊ की पाहुणा हलत नाही. चहा झाला तरी बसलाय, जेवण झालं तरी बसलाय, आणि बसल्या-बसल्या तिथेच पुरता जळून जातो. पोटॅशियम त्या खुर्च्या थोड्या टणक करतं. पाहुणा वेळेवर उठतो. शिवाय व्हॅनेडियमही ऑक्सिजन जरा हात राखून देतं, त्यामुळे सगळाच कारभार सावकाश होतो. पण पोटॅशियम फार झालं तर कुणी बसतच नाही. तेही केलं मी. वाढवत गेले, तर कॅटॅलिस्ट झोपलाच. वाफ जशी गेली तशी बाहेर आली. म्हणजे चिमूटच हवी, पण ती मोजून-मापून, आपण घातलेली. नशिबाने आलेली नको.

शुद्ध पावडरीत मोजून पोटॅशियम घातलं, जोडीला अँटिमनी. परवापासून नळी चालू आहे आणि मी तिच्यापाशी बसून केस विंचरू शकते इतकी शांत आहे.

सरांना ज्योत दाखवली. त्यांनी निळी काच घेतली, बराच वेळ बघत राहिले. मी म्हटलं, "सर, पेपर दुरुस्त करायला हवा. आपण चुकीचं कारण छापलंय." काच टेबलावर ठेवून ते खोलीतून निघून गेले. काय करतील माहीत नाही. ते करोत न करोत, मी प्रबंधात सगळं लिहिणार आहे, भडकलेले घाणेसुद्धा.

कृती सोबत पाठवतेय. या वेळी आधी एकनळी.

ठमी

२६ जून

ठमे,

आधी एकनळी. तिने चिमूट पसंत केली, मग आम्ही लेप चढवला. पावडर तीच अतिशुद्ध. तिच्यावर माझा रुसवा नाही.

परवा भट्टी सुरू झाली. झायलीन अगदी करंगळीएवढं सोडलं. काटा जागचा हलेना. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माल नाही, भडका नाही, काहीच नाही. मालक पुटपुटले, "झोपला." पण तुझ्या खुर्च्या मला आठवत होत्या. टणक खुर्चीवर माणूस बसायला थोडा वेळ लागतो. मिठाचं कुंड थोडं-थोडं तापवत गेलो. दुपार कलली तसा नळ्यांच्या तोंडाशी काटा उठला, वर चढला. ऑपरेटरचा हात व्हॉल्व्हवर, माझा हात त्याच्या खांद्यावर. काटा मागच्या वर्षीच्या उंचीच्या बराच खाली थबकला, आणि तिथेच राहिला. आम्ही बघत होतो, तो तिथेच.

थोड्या वेळाने, माल जिथे थंड होऊन जमतो त्या गारव्याच्या खोलीचं झाकण उघडलं. आत पांढऱ्या सुया, लांबसडक, भिंतीभर. मी आयुष्यभर तो माल पाहतेय, पण परवा मला तो सुंदर दिसला.

माल तुझ्या पहिल्या पेपरातल्या आकड्याइतका नाही. थोडा कमीच आहे. मालकांनी ते लगेच टिपलं आणि दुसऱ्याच श्वासात म्हणाले, "एवढी शांत चालतेय, तर झायलीन वाढवू ना जरा." मी म्हटलं, "साहेब, शांत माणसाला डिवचायचं नसतं. मर्यादा मी ठरवलीय. ती ओलांडायची तर मचाणावर माझ्या जागी तुम्ही उभं राहायचं." तेही उभे राहिले नाहीत, आणि झायलीनही वाढलं नाही.

एक गोष्ट राहिली. सुया निघाल्याचं कळल्यावर फोरमन शिडीपाशी आले. विचारलं, "बाई, वर येऊ?" मी म्हटलं, "तुमचीच जागा आहे." मूठ वळत नाही म्हणून कठड्याला कोपर टेकत-टेकत ते एकेक पायरी चढले. कुणी हात दिला नाही, त्यांना आवडलं नसतं. वर येऊन तापमापकांच्या ओळीसमोर उभे राहिले, सगळे काटे वाचले. मग म्हणाले, "त्या टोकाच्या नळीचा काटा जरा उडतोय, उद्या तपासू." आणि खाली उतरले. मला तोंड फिरवून पंपांकडे बघावं लागलं.

तुझ्या परीक्षेचं कळव. सर बोलतात का?

आत्या

१८ सप्टेंबर

प्रिय आत्या,

काल माझी तोंडी परीक्षा झाली. पास झाले. पण ती बातमी नाही, बातमी वेगळीच आहे.

बाहेरून आलेले परीक्षक वयस्क, बारीक आवाजाचे. प्रबंधातल्या चांगल्या आलेखांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. थेट भडकलेल्या घाण्यांचं प्रकरण उघडलं आणि तासभर तेच विचारत बसले. खुर्च्यांची गोष्ट मी सांगितली, जरा शास्त्रीय कपडे घालून. त्यांना पटली. मग त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "पहिला घाणा फेब्रुवारीत भडकला. कारखान्याला तार गेली मार्चच्या मध्याला. मधल्या काळात तिथे लोक नळ्या भरत होते. तुम्ही गप्प का होतात?"

या प्रश्नाची मी तयारी केली होती. 'तो माझा निर्णय होता' असं म्हणायचं ठरवलं होतं, कारण शेवटी मी गप्प बसले ते खरंच आहे. तोंड उघडलं, तोच मागच्या रांगेतून सरांचा आवाज आला.

"या प्रश्नाचं उत्तर माझं आहे."

ते उभे होते. मार्गदर्शकाने तोंडी परीक्षेत बोलायचं नसतं, हे त्यांनीच मला शिकवलेलं. म्हणाले, "तिला बोलायचं होतं. मी थांबवलं. माझं नाव छापलेलं होतं आणि मला ते जपायचं होतं. तिने माझी परवानगी न घेता तार केली, आणि ती केली नसती तर आज मी इथे उभा राहू शकलो नसतो. दुरुस्तीचा मजकूर मी मासिकाकडे पाठवला आहे. त्यात तिचं नाव आधी आहे, माझं नंतर."

परीक्षकांनी मान डोलावली, पान उलटलं आणि मला अँटिमनीबद्दल पुढचा प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं म्हणे. काय दिलं ते मला आठवत नाही.

संपल्यावर सर व्हरांड्यात एकटेच उभे होते. मी जवळ गेले. आभार मानावेत की काय करावं कळेना. तेच म्हणाले, "इतकी वर्षं मी या ऑक्साइडांवर लिहितोय. खरी भट्टी एकदाही पाहिलेली नाही. तुझ्या आत्यांना विचारशील? मचाणावर उभं राहायचंय मला. त्या ओरडल्या तरी चालेल."

तर विचारते. कधी आणू त्यांना?

तुझी,
ठमी